चष्म्यावाचून दृष्टी सुधारते काय?



‘चाळिशी’ हा शब्द आपल्या मराठीत दोन अर्थांनी चालतो. एक अर्थ वयाचा, आणि दुसरा त्या वयाच्या सुमारास नाकावर येऊन बसणाऱ्या चष्म्याचा. वर्तमानपत्र हळूहळू हातभर लांब धरावे लागते, सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारावी लागते, आणि मग घरातली मंडळी हसून म्हणतात, “चाळिशी लागली!” वय आणि चष्मा यांची अशी सांगड भाषेने कधीच घालून ठेवली आहे. तरीही चष्मा लागला की मनुष्य खट्टू होतो. तो लहान मुलाला लागला तर आईबाप काळजीत पडतात, आणि मुलीला लागला तर आजीची झोप उडते. मग कोणी सांगतो, सकाळी उठून डोळ्यांवर गार पाणी मारा. कोणी सांगतो, अनवाणी हिरवळीवर चाला. कोणी नेत्रव्यायामाचे पुस्तक आणून देतो. “अमक्याचा चष्मा सहा महिन्यांत सुटला” अशी एक तरी गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक असते.

यात खरे किती आणि भाबडी आशा किती, हे आज पाहावयाचे आहे. चष्मा किंवा शस्त्रक्रिया यांच्यावाचून दृष्टी सुधारते काय, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर मात्र देता येत नाही. उत्तर देणारा चुकारपणा करतो म्हणून नव्हे. प्रश्नातच घोटाळा आहे म्हणून. ‘दिसत नाही’ या दोन शब्दांच्या पोटात निदान चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. डोळ्याची घडण प्रतिमा नीट पाडण्याजोगी नसेल, तर दिसत नाही. डोळा शिणला असेल, तर दिसत नाही. डोळ्याला अन्नातून जे मिळावयास हवे ते मिळाले नसेल, किंवा त्याला रोग जडला असेल, तर दिसत नाही. आणि डोळा धडधाकट असूनही मेंदू त्याच्याकडून पाहावयास शिकलाच नसेल, तरीही दिसत नाही. या चौघांचे औषध एक नाही. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की कधी नुसता वेळ जातो, आणि कधी डोळा जातो.

डोळ्याची घडण

प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि त्याच्या आत बाहुलीमागे असलेले भिंग, ही दोन मिळून बाहेरून आलेले किरण वळवतात आणि मागच्या दृक्पटलावर त्यांची प्रतिमा पाडतात. या वळवण्याच्या कामात बाहेरच्या पडद्याचा वाटा सुमारे दोनतृतीयांश आहे. उरलेला वाटा भिंगाचा. पण भिंगाची खुबी अशी की ते आपली फुगवटी कमीजास्त करू शकते. दूरचे पाहताना ते चपटे असते, जवळचे पाहताना फुगते.

आता डोळा २४ च्या ऐवजी २५ मिलिमीटर लांब वाढला, तर प्रतिमा दृक्पटलाच्या अलीकडेच पडते आणि दूरचे धूसर दिसते. एवढ्या एका मिलिमीटरने चष्म्याचा नंबर सुमारे उणे अडीच ते तीनपर्यंत जातो. उलट डोळा आखूड राहिला तर अधिक नंबर लागतो. बाहेरच्या पडद्याची गोलाई सर्व दिशांनी सारखी नसली तर तिरपा नंबर लागतो. म्हणजे चष्म्याचा नंबर हा पुष्कळदा रोग नसतोच. ते एक माप असते. अंगरख्याला जसे माप, पायताणाला जसे माप, तसेच हे.

चाळिशीचे कारण याहून निराळे आहे. भिंग हे वयाबरोबर कठीण होत जाते. दहा वर्षांच्या मुलाचे भिंग इतके लवचीक असते की पुस्तक नाकाशी धरले तरी त्याला अक्षर दिसते. चाळिशी उलटल्यावर ती लवचिकता थोडीच उरते, आणि साठीला ती जवळजवळ संपते. भिंगाला फुगवणारा स्नायू तेव्हा दुबळा झालेला नसतो. तो ओढतो, पण भिंग हलत नाही. “व्यायामाने दंड भरतात, मग डोळे का सुधारू नयेत?” असे जे पुष्कळजण विचारतात, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. लघुदृष्टीत कोणता स्नायू अशक्त नसतो, तर नेत्रगोल लांब असतो. चाळिशीत स्नायू अशक्त नसतो, तर भिंग ताठरलेले असते. जेथे स्नायूचा दोषच नाही, तेथे स्नायूच्या व्यायामाने काय साधणार?

जवळचे पाहताना डोळ्यात नेमके काय बदलते, हा शास्त्रज्ञांपुढेही मोठा प्रश्न होता. टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचा छडा लावला. त्याने स्वतःचा डोळा पाण्यात धरला. पाण्यात बाहेरच्या पडद्याची शक्ती नाहीशी होते. तिची भरपाई त्याने काचेच्या भिंगाने केली. तरीही त्याला जवळदूर पाहता येत होते. म्हणजे बाहेरचा पडदा बदलत नाही. मग डोळ्याची लांबी बदलते काय, हे पाहण्यासाठी त्याने डोळा नाकाकडे वळवून नेत्रगोलाच्या मागे एक कडे दाबून धरले. डोळा लांबला असता तर ते कडे अधिक रुतले असते आणि दाबामुळे दिसणारा प्रकाशाचा ठिपका मोठा झाला असता. तसे काही झाले नाही. उरले ते भिंगच. हा प्रयोग कोणी घरी करू नये, हे सांगावयास नकोच. पण एका माणसाने आपल्याच डोळ्याला कडे लावून जे ज्ञान मिळवले, त्याला पुढे सुमारे एकशेवीस वर्षांनी एका डॉक्टराने आव्हान दिले, म्हणून तो येथे सांगितला.

डॉ. बेट्स यांचा पंथ

तो डॉक्टर म्हणजे न्यूयॉर्कचा विल्यम होरेशिओ बेट्स. जन्म १८६०, मृत्यू १९३१. हा कोणी रस्त्यावरचा वैदू नव्हता, शिकलेला नेत्रवैद्य होता. १९२० साली त्याने चष्म्यावाचून निर्दोष दृष्टी मिळवून देण्याचा दावा करणारे पुस्तक लिहिले. आज नेत्रव्यायामाची जी जी पुस्तके बाजारात दिसतात, त्यांतली बहुतेक याच पुस्तकाची मुलेनातवंडे आहेत. तळहातांनी डोळे झाकून अंधार पाहणे, शरीर डावीउजवीकडे झुलवीत नजर फिरवणे, सूर्याच्या उजेडात डोळे शेकणे, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता रोज वाचणे, हे सारे उपचार त्याचे.

त्याचा सिद्धांत असा की जवळदूर पाहण्याचे काम भिंग करीतच नाही. नेत्रगोलाला बाहेरून जे सहा स्नायू फिरवतात, तेच त्याला दाबून लांब किंवा आखूड करतात. मनावर ताण आला की हे स्नायू आखडतात आणि नंबर लागतो. ताण गेला की नंबर जातो. सिद्धांत मोठा गोड आहे. आपल्या दोषाचे मूळ मनात आहे आणि मन आपल्या हाती आहे, हे ऐकावयास कोणाला आवडणार नाही?

पण तो खरा नाही, आणि याची साक्ष आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्यांनी दिलेली आहे. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी मोतीबिंदू काढला म्हणजे भिंग काढून टाकले जाई. त्या आजीआजोबांचे जाड भिंगांचे चष्मे अनेकांच्या स्मरणात असतील. नेत्रगोल फिरवणारे सहाही स्नायू त्यांच्या डोळ्यांत शाबूत होते. पण दूरचे पाहण्यास एक नंबर आणि पोथी वाचण्यास दुसरा, असे दोन नंबर त्यांना लागत. भिंग गेले, त्याबरोबर जवळदूर साधण्याची शक्तीही गेली. बेट्सचे म्हणणे खरे असते, तर तसे झाले नसते. दुसरी साक्ष डोळ्यांत थेंब घालून तपासणी केलेल्या मुलाची. ॲट्रोपिनसारख्या थेंबांनी भिंगाचा स्नायू काही काळ सैलावतो. मूल डोळे चारी दिशांना फिरवू शकते. पण पुस्तकातले अक्षर त्याला लागत नाही.

तरीही हा पंथ पसरला, आणि त्याला मोठमोठे अनुयायी मिळाले. इंग्रज लेखक आल्डस हक्सले हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. सोळाव्या वर्षी डोळ्यांना दाह होऊन बुबुळांवर डाग पडले आणि तो जवळजवळ आंधळा झाला. १९३९ साली त्याने बेट्स पद्धतीचे धडे घेतले आणि १९४२ साली ‘पाहण्याची कला’ या विषयावर पुस्तक लिहिले. आपण आता चष्म्यावाचून वाचतो, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. १९५२ साली बेनेट सर्फ या प्रकाशकाने एक प्रसंग लिहिला आहे. हॉलिवुडमधल्या एका मेजवानीत हक्सले हातातल्या कागदावरून, चष्मा न लावता, सफाईने भाषण वाचीत होता. मध्येच तो अडखळला. कागद डोळ्यांशी नेला, आणखी जवळ नेला, आणि शेवटी खिशातून बहिर्गोल काच काढली. भाषण त्याने पाठ केलेले होते. हा प्रसंग हसण्याजोगा नाही. दृष्टीसाठी तळमळणाऱ्या एका बुद्धिमान माणसाची ती धडपड आहे. त्याच्या बुबुळांवरचे डाग कोणत्याही व्यायामाने पुसले जाणारे नव्हते. जेवढी दृष्टी उरली होती, तेवढी शांतपणे आणि हुशारीने वापरावयास तो शिकला असेल, तर तोही लाभच. पण ती डोळ्याची दुरुस्ती नव्हे.

आपल्या देशात डॉ. आर. एस. अगरवाल यांनी याच पद्धतीचा पुरस्कार केला. पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमात दृष्टिसुधाराची शाळा चालली, आणि महाराष्ट्रातूनही माणसे तेथे गेली. त्यांतल्या अनेकांना बरे वाटले, यात संशय नाही. तेव्हा विचारावयाचे ते असे की, घडण बदलली नसताना त्यांना बरे का वाटले?

मग लोकांचे चष्मे सुटतात ते कसे?

एक साधा प्रयोग करून पाहावा. जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडावे. चष्मा काढून, एक डोळा मिटून, त्या भोकातून भिंतीवरची दिनदर्शिका पाहावी. ज्यांना एरवी तारखा पुसट दिसतात, त्यांना त्या स्पष्ट दिसू लागतील. डोळा तोच आहे. फक्त कडेचे वाकडे किरण अडवले गेले आणि मधले सरळ किरण आत आले. डोळे किलकिले करून पाहिल्यावर जरा बरे दिसते, त्याचे कारण हेच. नेत्रव्यायाम करणाऱ्या माणसाला पापण्या बारीक करण्याची सवय नकळत जडते आणि तक्त्यावरची एक ओळ जास्त वाचता येते.

दुसरे कारण पाठांतराचे. रोज तोच तक्ता वाचला की अक्षरे तोंडपाठ होतात. धूसर आकारावरून अक्षर ओळखण्याची हातोटी येते. ही हातोटी खरी आहे. धुक्यात वाट ओळखणारा गाडीवान काही धुके नाहीसे करीत नाही. तसेच येथे नंबर तोच राहतो, अंदाज सुधारतो.

तिसरे कारण विश्रांतीचे, आणि ते खरोखर मोलाचे आहे. वाचताना, शिवताना किंवा हल्लीच्या पडद्यांकडे पाहताना आपण पापण्या फार कमी वेळा मिटतो. डोळे कोरडे पडतात, जळजळतात, अक्षर फुटल्यासारखे दिसते. अशा वेळी डोळे मिटून तळहात ठेवले, अधूनमधून खिडकीबाहेर दूर पाहिले, तर दिसणे स्वच्छ होते. मुलांच्या बाबतीत तर भिंगाचा स्नायू सतत जवळच्या कामाने आखडून बसतो आणि खोटाच उणे नंबर दाखवतो. म्हणून मुलांचा पहिला नंबर थेंब घालून काढावा, असे डॉक्टर सांगतात. ज्याचा नंबर खोटा होता, त्याचा ‘चष्मा सुटला’ यात नवल नाही.

चौथी गोष्ट आजोबांची. “आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षी बिनचष्म्याने ज्ञानेश्वरी वाचत,” असे अभिमानाने सांगितले जाते, आणि ते खोटे नसते. ज्यांना तरुणपणापासून उणे दोन-तीन नंबर असतो, त्यांना चष्मा काढला की जवळचे आपोआप दिसते. चाळिशी त्यांच्या वाट्याला येत नाही. काहींच्या बाबतीत मात्र मोतीबिंदू होऊ लागला की भिंगाचा गाभा दाट होतो, डोळा लघुदृष्टी होतो आणि वाचण्याचा चष्मा नकोसा होतो. घरचे आनंदतात. खरे पाहता ती मोतीबिंदूची चाहूल असते. त्याचप्रमाणे रक्तातली साखर चढउतार करू लागली की नंबरही अचानक बदलतो. पन्नाशीतल्या माणसाचा नंबर काही आठवड्यांत उतरला, तर पेढे वाटण्याआधी मूत्र आणि रक्त तपासून घ्यावे.

आणि व्यायामाने नंबर रोखला जात असता, तर त्याचा सर्वांत मोठा पुरावा चीनमध्ये मिळाला असता. तेथील शाळांत १९६३ पासून डोळ्यांभोवतीच्या बिंदूंना चोळण्याचे व्यायाम शिकवले गेले. पिढ्यान्‌पिढ्या कोट्यवधी मुलांनी ध्वनिक्षेपकाच्या तालावर ते केले. तरी २०१८ सालच्या सरकारी पाहणीत तेथील उच्च माध्यमिक वर्गांतली शेकडा ८१ मुले लघुदृष्टी आढळली.

निसर्ग जेथे खरोखर कामाला येतो

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग निसर्गोपचार सारा फोल. तसे मात्र नाही. काही बाबतींत चष्मा आणि शस्त्र यांच्यापेक्षा अन्न, उजेड आणि सवय यांचेच सामर्थ्य मोठे आहे.

पहिली बाब अन्नाची. दृक्पटलात मंद उजेड टिपणारे जे रंगद्रव्य असते, ते ‘अ’ जीवनसत्त्वावाचून बनत नाही. हे कार्य उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड याला १९६७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे जीवनसत्त्व कमी पडले की तिन्हीसांजेला मूल चाचपडू लागते, यालाच रातांधळेपणा म्हणतात. पुढे पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग येतात, आणि दुर्लक्ष झाले तर बुबुळ मऊ पडून फुटते. आपल्या देशात असंख्य बालकांचे डोळे असे गेले; म्हणून १९७० पासून लहान मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाची मात्रा पाजण्याचा कार्यक्रम सरकारने सुरू केला. शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी, गाजर, पिकलेली पपई आणि आंबा, तसेच दूध, अंडी आणि मांसाहार करणाऱ्यांना कलेजी, यांतून ते मिळते. रातांधळ्या मुलाला ते दिले की काही दिवसांत फरक पडतो. मात्र ज्याच्या अंगात ते पुरेसे आहे, त्याने पातेलेभर गाजरे खाल्ली तरी नंबर हलत नाही. गाजराचा एवढा बोलबाला होण्याचे एक कारण दुसऱ्या महायुद्धात आहे. ब्रिटिश वैमानिक रात्री शत्रूची विमाने पाडीत, ते गाजरे खाऊन, असा प्रचार तेव्हा झाला. खरी करामत होती रडार यंत्राची.

दुसरी बाब उजेडाची. मुलाला लघुदृष्टी होऊच नये किंवा उशिरा व्हावी, यासाठी उघड्यावरचा वेळ उपयोगी पडतो, हे आता प्रयोगाने दिसले आहे. चीनमधल्या ग्वांगझौ शहरातल्या बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. सहा शाळांतल्या मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक बाहेर नेले. तीन वर्षांनंतर या मुलांत सुमारे शेकडा ३० जणांना लघुदृष्टी झाली होती, तर इतर शाळांत सुमारे शेकडा ४० जणांना. उजेड काही जादू करीत नाही. पण घरातल्या दिव्याचा उजेड आणि झाडाच्या सावलीतलाही दिवसाचा उजेड यांत अनेक पटींचे अंतर असते, आणि वाढत्या डोळ्याला त्या उजेडाची गरज दिसते. संध्याकाळी मुलाला शिकवणीला पाठवण्याआधी तासभर मैदानावर पाठवावे, हा सल्ला आज नेत्रवैद्यही देतील. मात्र लांब वाढून बसलेला डोळा यामुळे आखूड होत नाही. हा उपाय कुंपणाचा आहे; शेत खाल्ल्यावर कुंपण घालून पीक परत येत नाही.

आळशी डोळा

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची, ती सवयीची. आपण डोळ्यांनी पाहतो असे म्हणतो, पण पाहावयास शिकतो तो मेंदू, आणि ते शिक्षण बालपणी होते. समजा, एका मुलाचा उजवा डोळा चांगला आहे आणि डाव्याला अधिक चारचा नंबर आहे. मूल खेळते, धावते, वाचते, कारण उजवा डोळा सारे काम करतो. डाव्याकडून मेंदूकडे येते ती नेहमी धूसर प्रतिमा. मेंदू तिच्याकडे हळूहळू दुर्लक्ष करावयास शिकतो. काही वर्षांनी योग्य काच लावली तरी त्या डोळ्याला नीट दिसत नाही. डोळ्यात दोष सापडत नाही. दोष पडतो तो मेंदूतल्या जोडणीत. ह्यूबेल आणि वीझेल या दोघा शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा लहानपणी झाकून ठेवून हे दाखवून दिले. दृष्टीच्या मार्गावरील त्यांच्या कार्याला १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा उपाय सोपा आहे आणि जुना आहे. चांगला डोळा झाकावा आणि आळशी डोळ्याला कामाला लावावे. फ्रेंच पंडित ब्युफाँ याने १७४३ सालीच हे सुचवले होते. मध्यम प्रतीच्या दोषाला रोज दोन तास पट्टी पुरते, असे अलीकडच्या चाचण्यांत दिसले. म्हणजे डोळ्याला सराव देऊन, शस्त्रावाचून दृष्टी सुधारते, याचे हे खरेखुरे उदाहरण. पण गंमत पाहा : या उपचाराची पहिली पायरी चष्माच असते. मेंदूला आधी स्वच्छ प्रतिमा मिळाली पाहिजे. काही मुले तर नुसत्या चष्म्यानेच बरी होतात, पट्टीची गरजही पडत नाही. निसर्गाला आपले काम करू देणारे साधन येथे चष्मा हेच आहे.

आणि या कामाला मुदत आहे. सातआठ वर्षांच्या आत उपचार झाला तर उत्तम. त्यानंतर बारा वर्षांपर्यंतही अनेकांना लाभ होतो, पण वाट खडतर होत जाते. “एवढ्यात चष्मा नको, आधी व्यायाम करून पाहू, मोठेपणी पाहू,” असे म्हणत ज्या घरात चारसहा वर्षे जातात, त्या घरातल्या मुलाचा एक डोळा जन्माचा अधू राहू शकतो. मुलीच्या लग्नाची काळजी म्हणून तिचा चष्मा लांबणीवर टाकणाऱ्यांनी याचा विचार करावा. चष्मा काढून ठेवता येतो; गेलेली वर्षे परत आणता येत नाहीत.

“चष्म्याने डोळ्यांना सवय लागते आणि नंबर वाढतो,” हा समजही सोडला पाहिजे. मुलाचा नंबर वाढतो तो डोळा वाढत असतो म्हणून. मलेशियात ९४ मुलांवर दोन वर्षे प्रयोग झाला, आणि २००२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. काहींना पूर्ण नंबरचा चष्मा दिला, काहींना मुद्दाम कमी नंबरचा. कमी नंबर दिलेल्या मुलांचाच नंबर अधिक वाढला.

धोक्याच्या दोन जागा

नेत्रव्यायाम निरुपद्रवी आहेत, मग करून पाहावयास काय हरकत, असे कोणी म्हणेल. तळहात ठेवून डोळे मिटावयास हरकत काहीच नाही. त्राटकाचा उल्लेख हठयोगाच्या ग्रंथांत षट्कर्मांत आहे. चित्त स्थिर करण्यासाठी ज्याला ते करावयाचे त्याने करावे. पण दोन ठिकाणी सावध राहिले पाहिजे. सूर्याकडे टक लावून पाहू नये, मग पुस्तक काहीही सांगो. दृक्पटलाला वेदना कळत नाही. ते भाजते तेव्हा दुखत नाही, आणि दृष्टीच्या नेमक्या मध्यावर डाग पडतो.

दुसरी जागा काचबिंदूची. या रोगात बहुधा दुखत नाही, आणि समोरचे शेवटपर्यंत स्पष्ट दिसते; दृष्टी कडेकडेने गळत जाते. गेलेली परत येत नाही; वेळीच थेंब सुरू केले तर उरलेली बहुधा टिकवता येते. मधुमेहातही दृक्पटल आतून बिघडत असताना माणसाला पत्ता नसतो. “जरा अंधुक दिसते, व्यायामाने जाईल,” म्हणून वर्ष घालवणे येथे फार महाग पडते. चाळिशी लागली की चष्म्याबरोबर डोळ्यातला दाबही तपासून घ्यावा. मधुमेह असणाऱ्याने दरवर्षी डोळ्याचा मागचा पडदा दाखवावा. मोतीबिंदू मात्र थेंबांनी, मधाने किंवा व्यायामाने विरघळत नाही. त्याला शस्त्रच हवे, हे सुश्रुतालाही ठाऊक होते.

तात्पर्य असे की नंबर मापाचा असेल तर काच लावावी आणि लाजू नये. शीण असेल तर विश्रांती द्यावी. अन्न कमी असेल तर अन्न द्यावे. मूल लहान असेल तर त्याला उन्हातान्हाचा अतिरेक टाळून रोज उघड्यावर खेळू द्यावे. आणि यांतले नेमके काय आहे, हे एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे.

आज घरी गेल्यावर एवढे एक करा. घरात तीन-चार वर्षांच्या पुढचे जे मूल असेल, त्याला दिनदर्शिकेपासून आठदहा पावलांवर उभे करा. आधी डावा डोळा तळहाताने झाकून आकडे किंवा चित्रे ओळखावयास सांगा, मग उजवा झाकून. एका डोळ्याने सांगता आले आणि दुसरा उघडा असताना ते अडखळले, किंवा एकच डोळा झाकताना ते रडून हात ढकलू लागले, तर थांबू नका. त्याच आठवड्यात त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.